इन्स्टंट गीझर घ्यायचाय? वऱ्हाडातल्या गावांतून नेहमी येणारे प्रश्न

दसरा झाला, कापूस घरात यायला लागला, की आमचे फोन सुरू होतात. मी दर्यापूर-अंजनगाव भागात नळाची आणि लाइटची अशी दोन्ही फिटिंगची कामं करतो. बहुतेक जण दुकानातून खोकं घरी आणल्यावर मला बोलावतात. मग कळतं, की टाकीला दाब नाही, नाहीतर घराला अर्थिंगच (गळकी वीज जमिनीत सोडणारी वायर) नाही. तेच प्रश्न दरवर्षी येतात, म्हणून एकदा बसून उत्तरं लिहून काढली. जमलं तर खोकं आणायच्या आधी वाचा.

१. इन्स्टंट गीझर म्हणजे नेमकं काय? साध्या गीझरपेक्षा त्यात वेगळं काय?

साध्या गीझरात १०, १५ किंवा २५ लिटरची टाकी असते. ती आधी तापते, मग आपण पाणी घेतो. इन्स्टंटमध्ये पाणी साठवत नाहीत. नळ सोडला की वाहतं पाणीच तापून बाहेर येतं, नळ बंद केला की तापणं थांबतं. यात दोन जाती. गॅसच्या गीझरात तांब्याच्या नळीखाली बर्नर पेटतो. विजेच्या इन्स्टंटमध्ये १ किंवा ३ लिटरचं लहान भांडं आणि आत कॉइल असते. म्हणजे विजेवाल्यात थोडं पाणी साठतंच, पण ते मिनिट-दोन मिनिटांत तापतं.

२. चुलीवर पाणी तापतेच आमच्याकडे, पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) फुकटात आहेत. मग गीझर कशाला?

चूल चालत असेल आणि घरच्यांची तक्रार नसेल तर घाई करू नका. पण पऱ्हाट्या बांधून आणणं, पहाटे पाचला उठून धुरात फुंकर घालणं आणि गंजभर पाणी न्हाणीपर्यंत वाहून नेणं हे काम घरात कोण करतं, ते एकदा बघा. बहुतेक घरी ती एकच बाई असते. शिवाय पऱ्हाटीचे ढीग घराजवळ महिनोन्‌महिने राहिले की गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. कृषी विभागही ते साठवू नका म्हणूनच सांगतो.

३. गॅसचा घ्यावा की विजेचा?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. उत्तर तुमच्या घरात दडलेलं आहे, दुकानात नाही. मी चार गोष्टी बघतो.

पहिली, हवा. गॅसचा गीझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत, पण पावसापासून आडोशाला बसवायला जागा हवी. जागा नसेल तर गॅसचा विषय तिथेच संपला (कारण प्रश्न १०). दुसरी, टाकीची उंची. गॅसच्या गीझरला पाण्याचा दाब लागतो, विजेवाल्याचं कमी दाबातही भागतं (प्रश्न ६). तिसरी, पहाटेचा व्होल्टेज. गावाच्या शेवटच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) लाइट डीम राहत असेल तर विजेचा गीझर नुसता कोमट पाणी देतो (प्रश्न ७). चौथी, अर्थिंग. ते नसेल तर विजेचा गीझर घेऊच नका, आधी अर्थिंग करा (प्रश्न ९).

पाण्याच्या धारेचं म्हणाल तर गॅस कधीही पुढे. '६ लिटर' लिहिलेला गॅस गीझर मिनिटाला ६ लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवतो. २० लिटरची बादली साडेतीन मिनिटांत भरते. ३ किलोवॅटच्या विजेच्या गीझराला त्याच बादलीला साडेअकरा-बारा मिनिटं लागतात. सहा-सात माणसांचं घर, सगळ्यांना सातच्या आत आंघोळ हवी आणि बाहेर भिंत मोकळी असेल तर मी गॅसच सांगतो. म्हाताऱ्या आई-बाबांसाठी एकच बाथरूम, लाइट बरी आणि अर्थिंग पक्कं असेल तर ३ लिटरचा विजेचा.

४. एका बादलीला खर्च किती येतो?

दर बदलत राहतात, म्हणून मी वस्तूत सांगतो, गुणाकार तुम्ही करा. १५ अंशांचं २० लिटर पाणी ४० अंशांपर्यंत न्यायला साधारण ०.६ युनिट वीज लागते. गॅसवर तेवढ्यालाच ५५ ग्रॅमच्या आसपास एलपीजी जळतो. म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरात अडीचशे बादल्या.

रोजच्या चार बादल्या धरल्या तर विजेवर महिन्याला ७० युनिट वाढतात. इथे एक गोष्ट लोक विसरतात. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांपुढचा दर बराच चढा असतो. आज तुमचं बिल ८० युनिटांचं असेल तर वाढलेल्या ७० पैकी ५० युनिटांना चढा दर लागेल. हिशेब त्या दराने करा, बिलाच्या सरासरीने नको.

५. बोअरचं पाणी सकाळी कोमटच असते. तरी गीझर लागेल का?

तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि ते पैसे वाचवणारं आहे. जमिनीखालचं पाणी आपल्याकडे वर्षभर साधारण २६-२७ अंशांवर असतं. पण रात्री टाकी भरून ठेवली की पहाटेपर्यंत ते पाणी थंडगार होतं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, अशा रात्री गच्चीवरच्या टाकीचं काय होतं ते सांगायला नको.

म्हणून हिवाळ्यात शक्य असेल तर आंघोळीच्या आधी, पहाटेच बोअर चालवून टाकी भरा. २५ ऐवजी १४ अंशच तापवायचे राहतात, म्हणजे वीज किंवा गॅस जवळपास निम्म्यावर येतो. ज्यांचं घरी दोन-तीन माणसांचंच कुटुंब आहे आणि पहाटे बोअरला लाइट असते, त्यांचा गीझर यामुळे कधी कधी टळतोसुद्धा.

६. गॅस गीझर पेटतच नाही. दुकानदार म्हणतो प्रेशर नाही. म्हणजे काय करायचं?

गॅस गीझरात एक रबरी पडदा असतो. पाण्याने तो ढकलला तरच आतलं बटण दबतं आणि ठिणगी पडते. पाणी संथ आलं तर पडदा हलत नाही, आणि ते बरंच आहे, कारण पाण्याशिवाय बर्नर पेटला तर नळी जळेल.

टाकी जेवढी उंच तेवढा दाब. एक मीटर उंचीला ०.१ बार (बार म्हणजे दाबाचं माप). बऱ्याच गॅस गीझरांना ०.२ ते ०.३ बार तरी लागतो, खोक्यावर 'किमान दाब' म्हणून लिहिलेलं असतं ते वाचा. आता आपलं घर बघा. एकमजली स्लॅब, उंची १० फूट, टाकी थेट स्लॅबवर. गीझर भिंतीवर ५ फुटांवर. मधलं अंतर ५ फूट, म्हणजे जेमतेम ०.१५ बार. कवेलूच्या किंवा टिनाच्या घरात टाकी बाजूच्या ओट्यावर ठेवलेली असते, तिथे तर तेवढाही नाही.

घ्यायच्या आधी एक सोपी परीक्षा करा. जिथे गीझर लावायचा तिथल्या उंचीला नळ पूर्ण सोडा आणि लिटरची बाटली भरा. २० सेकंदांच्या आत भरली तर बहुतेक गीझर पेटेल. ४० सेकंद लागले तर आधी दाबाचा बंदोबस्त करावा लागेल.

बंदोबस्त स्वस्तापासून महागाकडे असा: पाण्याची जाळी साफ करा, कारण निम्म्या वेळा गाळच अडकलेला असतो. टाकीतून खाली येणारा पाइप अर्धा इंची असेल तर एक इंची करा आणि एल्बो (वळणाचे जोड) कमी करा. टाकीखाली ४-५ फुटांचा लोखंडी स्टँड उभा करा. तरीही नाही जमलं तर कमी दाबावर चालणारं मॉडेल किंवा प्रेशर पंप. पंप शेवटी, कारण लाइट गेली की पंप बंद आणि गॅस असूनही आंघोळ थंड पाण्याची.

७. पहाटे लाइट डीम असते. विजेचा गीझर जळेल का? स्टॅबिलायझर लावू का?

कमी व्होल्टेजने गीझर जळत नाही, पण कमी तापतो, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप कमी. २३० चे १८० व्होल्ट झाले तर ३ किलोवॅटचा गीझर १.८ किलोवॅटवर येतो. साडेअकरा मिनिटांची बादली एकोणीस मिनिटांची होते. गीझराएवढा भार उचलणारा स्टॅबिलायझर महाग पडतो, आणि तो घेतला तरी डीम लाइनवर जास्त करंट ओढून वायर आणखी तापवतो. ते पैसे टाकीच्या स्टँडला लावा आणि गॅसचा घ्या. पहाटे पाच ते सात या वेळात दोन-तीन दिवस व्होल्टेज मोजून बघा. दुपारी मोजलेल्याला अर्थ नाही.

८. आमचं मीटर जुनं आहे, वायरिंगही जुनी. गीझर चालेल?

३ किलोवॅटचा गीझर १३ अँपिअर करंट घेतो. म्हणून मेन बोर्डापासून वेगळी लाइन, निदान अडीच एमएमची तांब्याची वायर, अंतर लांब असेल तर चार एमएम. १६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचंच घट्ट सॉकेट. पंख्या-बल्बच्या लाइनवरून जोडलेला गीझर मी किती तरी घरी काढला आहे. प्रत्येक ठिकाणी प्लग काळा पडलेला होता. ४.५ किलोवॅटचं मॉडेल सुमारे २० अँपिअर ओढतं, ते सॉकेटवर लावूच नका, चार एमएमच्या वायरने स्वतंत्र एमसीबीवर थेट जोडा.

बिलावर 'मंजूर भार' बघा. अर्धा किंवा एक किलोवॅट असेल तर महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज द्या. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर बारीक असेल तर तीही बदलून मागा.

९. तीन पिनचं सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहेच ना?

नाही. गावातल्या कितीतरी घरांत वरची मोठी पिन नुसती शोभेला असते, मागे वायरच नसते. त्याहून वाईट म्हणजे काही वायरमन अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतात. खांबावर न्यूट्रल तुटला की गीझरचं अंग, नळ, शॉवर सगळं जिवंत होतं. ओल्या अंगाने नळाला हात लावणाऱ्याला सुटायला वेळ मिळत नाही.

अडीच मीटरचा अर्थिंग पाइप पुरा, कोळसा-मीठ घाला, तांब्याची वायर थेट बोर्डापर्यंत आणा. आपल्या काळ्या मातीची एक खोड आहे. पावसाळ्यात ती पाइपाला चिकटून बसते, तेव्हा अर्थिंग उत्तम. एप्रिल-मेमध्ये तीच माती भेगाळते, पाइपापासून सुटते आणि अर्थिंग जवळजवळ नाहीसं होतं. म्हणून खड्ड्यात वरून पाणी घालायला नळी ठेवा आणि उन्हाळ्यात आठवड्याला एक-दोन बादल्या ओता. नुसती कोरडी माती दिसली म्हणून काय बिघडतं, असं म्हणू नका.

त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन लगेच तोडणारा स्विच) बसवा. मी आरसीसीबीशिवाय विजेचा गीझर जोडून देत नाही, कितीही आग्रह झाला तरी. आणि तो असूनही, बादली भरली की स्विच बंद करून मगच आंघोळीला बसा.

१०. गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवला तर काय होतं? खिडकी तर आहे.

माणूस मरतो. हे मोठ्या आवाजात सांगावं लागतं म्हणून असं लिहिलं.

बर्नर पेटला की तो खोलीतला ऑक्सिजन खातो. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय जागचे हलत नाहीत, आणि आत बसलेल्याला कळतं तोवर कडी काढायची ताकद उरत नाही. हिवाळ्यात खिडकी बंद करूनच आंघोळ करतात, म्हणून 'खिडकी आहे' या वाक्यावर मी विश्वास ठेवत नाही. एक्झॉस्ट फॅन लाइट गेली की थांबतो.

धंद्याच्या सुरुवातीला मी एका घरी मालकाच्या आग्रहाने आत बसवून दिला होता. जानेवारीत त्यांची मुलगी बाथरूममध्ये पडली. आईला पडल्याचा आवाज आला म्हणून ती वाचली. त्या दिवशीच मी तो गीझर काढून बाहेरच्या भिंतीवर लावला आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून आत लावत नाही, एकालाही नाही.

आत कोणी हाकेला ओ देत नसेल तर आधी दार उघडा किंवा तोडा, गॅस बंद करा, माणसाला उघड्यावर आणा आणि १०८ ला फोन करा. दार तोडायला गेलेल्याने आत थांबू नये.

११. आमची न्हाणी अंगणात आहे, बाहेरची भिंत उघडी. पाऊस-वाऱ्याचं काय?

वर दीड-दोन फुटांचा टिनाचा आडोसा काढा, तिन्ही बाजू मोकळ्या ठेवा. डबा करून बंद करू नका, नाहीतर बर्नरला हवा मिळत नाही. सिलिंडर उभा, जमिनीवर किंवा ओट्यावर, ऊन लागणार नाही असा. खड्ड्यात नको, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खोलगट जागेत साचतो.

१२. चुलीचा आणि गीझरचा सिलिंडर एकच ठेवला तर?

दोन वेगळे ठेवा. एकावर टी लावून दोन्ही जोडले की जोड वाढतात, आणि गीझर तासाला सुमारे एक किलो गॅस खातो, तेव्हा स्वयंपाकाच्या वेळी सिलिंडर संपण्याचं दुखणं वेगळंच. रेग्युलेटर नेहमीचा घरगुतीच. हॉटेलचा हाय-प्रेशर रेग्युलेटर लावला की आधी ज्योत पिवळी होते आणि मग आग. नळी केशरी रंगाची, आत तारेची जाळी असलेली, आयएसआय शिक्क्याची आणि दीड मीटरपेक्षा लांब नको. तिच्यावरची तारीख बघा, पाच वर्षांनी बदला. वास आला तर स्विचला हात न लावता रेग्युलेटर बंद करा आणि १९०६ ला फोन करा.

१३. आमचं पाणी खारट आहे. गीझर किती टिकेल?

पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, हे दुखणं रोजचं आहे. जड पाणी तापलं की चुना बाहेर पडतो आणि नळीच्या आतून चिकटतो. इन्स्टंटची नळी बारीक, म्हणून ती आधी भरते. खुणा अशा: धार वर्षागणिक बारीक होते, पाणी उकळल्यासारखा खडखड आवाज येतो, गॅस तेवढाच पण पाणी कोमट.

पाणी ६० अंशांपुढे गेलं की चुना झपाट्याने बसतो. म्हणून बटण पूर्ण वर ठेवून मग गार पाणी मिसळण्यापेक्षा ४०-४५ अंशांवरच ठेवा. वर्षातून एकदा, खूप खारं असेल तर दोनदा, लिंबूसताच्या द्रावणाने नळी धुवून घ्या. दोन बादल्या, एक छोटा पंप, अर्धा तास. ॲसिडने धुवून देणारा कोणी भेटला तर नको म्हणा, तांब्याची नळी पातळ होते. बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीत चुन्याने झालेलं नुकसान धरलेलं नसतं, ते कार्ड आधी वाचा. पिण्यासाठी नळयोजनेचं गोडं पाणी येत असेल आणि ते पुरत असेल तर गीझराची टाकी त्यावर भरणं सगळ्यात चांगलं.

१४. नळयोजनेच्या नळालाच थेट जोडू का?

नको. पाणी कधी जोरात येतं, कधी दिवसाआड, कधी गाळासकट. आधी टाकीत घ्या, मग गीझरला. गीझराआधी जाळी आणि एक बंद करायचा व्हॉल्व्ह ठेवा.

१५. गीझरातून न्हाणीपर्यंत कोणता पाइप?

गरम पाण्याला सीपीव्हीसी, तो ९३ अंशांपर्यंत टिकतो. पांढरा किंवा करडा साधा पीव्हीसी मऊ पडून वाकतो. अंतर कमीत कमी ठेवा. अर्धा इंची दहा मीटर पाइपात सव्वा लिटरच्या वर पाणी मावतं, तेवढं थंड पाणी प्रत्येक आंघोळीला आधी वाहून जातं.

१६. मधेच पाणी गार होतं, अंगाला साबण लागलेला असतो.

गॅसच्या गीझरात बहुधा असं होतं: पाणी फार तापलं म्हणून आपण गार नळ वाढवतो, त्यामुळे गरम बाजूचा प्रवाह मंदावतो, पडदा मागे येतो आणि ज्योत विझते. गार नळाऐवजी गॅसचं बटण कमी करा, 'हिवाळा-उन्हाळा' असं बटण असेल तर तेही. दुसरं कारण म्हणजे बऱ्याच मॉडेलमध्ये वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते, नळ बंद करून परत सोडा. तिसरं, आतले दोन मोठे सेल उतरलेले. दसऱ्याला नवे घाला आणि उन्हाळ्यात काढून ठेवा, नाहीतर ते गळून डबा खातात.

१७. सिलिंडरात गॅस आहे, तरी पहाटे ज्योत मंद. दुपारी बरोबर चालते.

चिखलदरा, मेळघाटकडून हा प्रश्न जास्त येतो, पण कडाक्याच्या थंडीत खालीही घडतं. सिलिंडरात गॅस पातळ असतो, तो वाफ होऊन बाहेर येतो. थंडीत वाफ कमी होते, आणि सिलिंडर अर्ध्याच्या खाली गेला की आणखी कमी. गीझरला मात्र एकदम भरपूर गॅस हवा असतो. अशा वेळी भरलेला सिलिंडर गीझरला लावा आणि उरलेला चुलीला. ५ किलोच्या छोट्या सिलिंडरवर गीझर म्हणूनच धड चालत नाही. सिलिंडर गरम पाण्यात ठेवणं, त्याखाली निखारे सरकवणं, असं काहीही करू नका.

१८. आम्ही शेतावर राहतो. पंपाच्या लाइनवर किंवा इन्व्हर्टरवर गीझर चालेल?

दोन्हीला नाही. पंपाचं कनेक्शन शेतीच्या दराचं असतं, घरात वापरणं नियमाबाहेर आहे, आणि लाइट ठरलेल्या तासांपुरतीच येते. घरचा इन्व्हर्टर ३ किलोवॅट उचलत नाही. शेतावरच्या घराला गॅस गीझरच, टाकी स्टँडवर.

१९. सौर बंब आधीच आहे. त्याच्यापुढे इन्स्टंट जोडता येईल?

येईल, आणि ढगाळ दिवसांसाठी ते चांगलं. मात्र सगळी मॉडेलं गरम पाणी आत घेत नाहीत. माहितीपत्रकात 'आत येणाऱ्या पाण्याचं कमाल तापमान' बघा आणि सौरचं पाणी कडक असेल तेव्हा गीझर वगळून सरळ जाण्यासाठी बाजूचा पाइप ठेवा. काचेच्या नळ्या असतील तर वानरांपासून जाळीने झाका. आमच्याकडे एका घरी एका दुपारी नळ्या फुटल्या त्या त्यांच्या उड्यांनीच.

२०. खालच्या बारक्या व्हॉल्व्हमधून थेंब पडतात. बूच मारू का?

कधीच नको. विजेच्या गीझरात पाणी तापून फुगतं, तो वाढलेला दाब त्या व्हॉल्व्हमधून निघतो. बंद केला तर भांडं फुटेल. थेंबाऐवजी धार लागली असेल तर व्हॉल्व्ह बदला, तो स्वस्त मिळतो.

२१. होळीनंतर गीझर लागत नाही. नुसता बंद करून ठेवला तर?

सिलिंडरचा रेग्युलेटर काढा, सेल काढा, खालचा नळ उघडून आतलं पाणी सोडा आणि गीझरवर कापड टाका. बर्नरच्या भोकांत कोळी जाळी विणतात, गांधीलमाश्या मातीची घरटी करतात. दसऱ्याला पहिल्यांदा पेटवताना कापड काढा, बर्नर कोरड्या ब्रशने साफ करा आणि ज्योतीकडे बघा. निळी असेल तर वापरा. पिवळी असेल, वर काजळी दिसत असेल तर गॅस बंद करून फिटरला बोलवा.